बापाच्या वाट्याचा द्रोण

“दारूबिगर बाप देवात जात नाही का, भुमकाबाबा?”

बिसरामनं हे उभ्याउभ्याच विचारलं. तोताराम भुमका, आमच्या कोरकू गावाचा म्हातारा पुजारी, अंगणात खाटेवर बसून पळसाच्या पानांचे द्रोण लावत होता.

“जाते ना. पण पोराबिगर जात नाही. बस.”

“बसाले नाही आलो. पूजेले येणार नाही, इतकंच सांगाले आलो.”

बिसरामनं होळीपासून दारू सोडली होती. माहेरी गेलेली बायको लेकीला घेऊन परत आली होती. बिसराम पोरगं गुणाचं, पण दारू सोडल्यापासून मान जरा ताठ झालेली.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या साहेबांनी त्याला बजावलं होतं, जिथं दारू वाढतात त्या अंगणात पाय ठेवू नको. आणि आज दुपारी त्याच्या मेलेल्या बापाच्या नावाचा लाकडी खांब रोवायचा होता. मोहाच्या दारूचा पहिला द्रोण थोरल्या मुलानं, म्हणजे बिसरामनं, घ्यायचा. तोच नाही आला तर बाप देवात मिसळत नाही, गावाबाहेर भटकत राहतो, असं आमच्या गावात मानतात.

“केंद्राचे सायेब खोटं सांगत नाहीत,” म्हातारा म्हणाला.

“मंग?”

“मी बी नाही सांगत.”

“एक घोट घेतला ना बाबा, त मी संपलो. लेक पुन्हा जाईल माही. अन् नाही आलो, त बाप...”



भुमक्यानं त्याला हाताला धरून खाटेवर बसवलं. किती लाडका होता तो म्हाताऱ्याचा, सगळ्या गावाला ठाऊक होतं.

“ये रे बाप्पा. माह्याजवळ उभा राय. बाकी काही करू नको.”

दुपारी बिसराम आला. खांब उभा राहिला, ढोल थांबला. भरलेला द्रोण बिसरामच्या हातात आला.

भुमक्यानं त्याचं मनगट धरलं आणि अख्खा द्रोण खांबाच्या मुळाशी उलटा केला. थेंबही शिल्लक ठेवला नाही.



बिसरामचा काका कुरकुरला, “बाबा, हे कोणती रीत? मातीले चार थेंब देतेत. बाकीची पोरानं प्याची असते.”

म्हाताऱ्यानं बिसरामचं मनगट सोडलं नाही.

“तुह्या भावाचं,” तो म्हणाला, “चार थेंबांत कधी भागलं होतं का रे?”