अळणी पेज

तालुक्याच्या एका गावी एकदा एक वृद्ध परिचारिका होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. रुग्णसेवेत त्यांची चाळीस वर्षं गेली होती आणि आता त्यांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. मुलगी हुशार, पाठांतर चोख. ताप पाहावा तर तिनं, नाडी मोजावी तर तिनं. विद्या म्हणजे एवढंच, असं मात्र तिला वाटायचं.

दोघी काम करत त्या रुग्णालयात धान्याचा एक वयस्क व्यापारी पायाच्या जखमेसाठी येऊन पडला होता. मधुमेह जुना आणि जीभ भलतीच तिखट. उशी कडक, पंखा मंद, पेजेत मीठ कमी; सकाळपासून त्याच्या तोंडाचा पट्टा जो सुरू व्हायचा, तो थांबायचं नाव नाही. त्याच्या खाटेजवळ जायचं शिष्या शक्यतो टाळायची.

सहाव्या दिवशी सकाळी व्यापारी गप्प होता. शिष्येनं ताप पाहिला, नव्हता. नाडी किंचित जलद, रक्तदाब ठीक, पट्टी वरून कोरडी. "कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

"बरं आहे, बाळ."

बाळ! ती हरखून अक्कांकडे गेली. "अक्का, देव पावला! शेठजी आज अगदी गरीब गाय झालेत."

अक्का हसल्या नाहीत. त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि म्हणाल्या, "शेठजींच्या पेजेत आज मिठाचा कणसुद्धा घालू नका." शिष्या चक्रावली. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही खोटं नाही, तिच्या मनात आलं. गृहस्थ कधी नव्हे तो शांत झालाय आणि ह्या त्याला मुद्दाम डिवचायला निघाल्या!

अक्कांनी स्वतः वाटी नेली. व्यापाऱ्यानं एक घोट घेतला, मग दुसरा. कपाळावर आठीही नाही. "शेठजी, आज वार कोणता?" अक्कांनी विचारलं. तो आढ्याकडे पाहत राहिला. "असेल कुठला तरी."

अक्कांनी वाटी काढून घेतली. "डॉक्टरांना बोलाव. पळत जा."

डॉक्टरांनी येऊन नोंदींचा कागद पाहिला. "सगळं ठीक दिसतंय की."

"कागद ठीक आहे, माणूस ठीक नाही," अक्का म्हणाल्या. "पट्टी सोडून बघा."

जखम वरून भरत आली होती. तळवा दाबताच आतून पू आला. विष रक्तात उतरू लागलं होतं. दुपारी शस्त्रक्रिया झाली आणि व्यापारी वाचला. "उद्यावर गेलं असतं, तर आपल्या हाती काही उरलं नसतं," डॉक्टर म्हणाले.

शिष्या अक्कांकडे वळली. "अक्का, ताप नव्हता हो! मी दोनदा पाहिला."

"नव्हताच. थकलेल्या शरीराला कधी कधी ताप आणण्याचंही त्राण नसतं. तुझे आकडे खरे होते, पोरी. पण हा माणूस काल कसा होता, हे आकड्यांना ठाऊक नाही. ते तुला ठाऊक होतं. त्याची बोलणी तूच खाल्लीस ना? मग आज ती थांबली, तेव्हा तुला भीती का वाटली नाही?"

शिष्या खालमानेनं म्हणाली, "कारण माझी सुटका झाली."

"तेवढं लक्षात ठेव," अक्का म्हणाल्या. "रोगी आपल्या सोयीचं वागू लागला, की आधी त्याच्या उशाशी जाऊन बसावं."

अक्का रागावल्या नाहीत, हेच तिला जास्त लागलं.

संध्याकाळी शिष्या खिडकीजवळच्या खाटेशी गेली. तिथं चार दिवसांपासून एक म्हातारी होती. तिनं कधी कुणाला त्रास दिला नव्हता. म्हणूनच ती सगळ्यांची लाडकी. शिष्येनं तापमापक बाजूला ठेवला आणि स्टूल ओढून ती बसली. उशाशी बसलेल्या सुनेला तिनं विचारलं, "आजी घरीही अशाच शांत असतात का हो?"

"ह्या?" सून हसली. "अहो, ह्यांच्या बडबडीला कंटाळून शेजारी दारं लावून घेतात!"

शिष्येनं म्हातारीचं मनगट हाती घेतलं आणि अक्कांना हाक मारली.