बुडालेल्या वाटेवरून

एकदा काय झालं, एका राजानं तांबरी नदी अडवली. डोंगराएवढा बांध घातला. मग पाणी चढलं, चढलं, आणि नदीकाठचं अख्खं गाव पोटात घेऊन पसरलं. माणसं बिऱ्हाडं उचलून लांबच्या माळावर गेली.

एकटी राहीबाई तेवढी गेली नाही. टेकडीवर खोपट घालून राहिली. तिची लेक मथी पैलतीरी दिली होती, बरं का. आधी नदी गुडघाभर. मथी दर बाजाराला पाण्यातून चालत यायची. होडी अशी गावात कुणाकडे नव्हतीच. आता तर पैलतीर दिसेना.

"मी इथून हलले, तर पोरीनं मला शोधायचं कुठं?" राहीबाई म्हणायची. पण ऐकायला होतं कोण?

मग तिनं हाक मारून पाहिली. हाक पाण्यावरच विरली. मग ओला पाला पेटवून धूर केला. वाऱ्यानं तो पांगवला. मग वाळल्या भोपळ्याला लुगड्याची चिंधी बांधून सोडला. दुसऱ्या दिवशी तो परत तिच्याच पायाशी आला. मग मात्र ती मटकन बसली आणि हमसून रडली.

तेवढ्यात पाण्यातून एक म्हातारी वर आली. केस शेवाळानं हिरवेगार.

"मी तांबरी," ती म्हणाली. "एका जागी बसून पाय आखडले बघ. कुणी बोलायलाही येत नाही. तू का रडतेस?"

राहीबाईनं सगळं सांगितलं.

"मी श्वास रोखून धरते. जुनी वाट उघडी पडेल. पण मध्ये थांबू नकोस हं, फार वेळ धरवायचा नाही मला."

मग पाणी दुभंगलं. राहीबाई चिखल तुडवत निघाली. विहीर गेली, पार गेला, आणि आलं तिचं घर. छप्पर नव्हतं, पण उंबरा होता. तिला राहवेना. बसली टेकून. उठावंसंच वाटेना. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला.

"ऊठ गं बाई, ऊठ!" म्हातारीला धाप लागली होती.

राहीबाई उठली. गळ्याएवढ्या पाण्यातून धडपडत पैलतीरी पोचली. तिथं मथी उभी. पायांना फोड आलेले.

"चार महिने काठानं हिंडतेय, आई. काठ संपतच नाही गं!"

मग राहीबाई लेकीकडे राहिली. सुखानं राहिली. पण रोज दुपारी पाण्याकाठी जायची, घरात काय शिजलं, कोण रुसलं, ते सांगायची. म्हातारी काही पुन्हा वर आली नाही. राहीबाई आपली बोलत बसायची.

संपली गोष्ट. वाकळ ओढा अंगावर, आणि मिटा डोळे.