पंचेचाळीस पिशव्या आणि एक हात

"उद्या सूर्य मावळायच्या आत कायदा सैल करण्याचा ठराव बिनविरोध मंजूर करून दाखव!" उदाजीराजे भिवरा सुइणीला म्हणाले. "विरोधात एक हात जरी वर गेला, तरी तुझी सुईणकी कायमची बंद!"

सभा खो खो हसली. निंबोणीच्या लोकांनी निवडून दिलेल्या या पंचेचाळीस पुरुषांचं आजवर एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. आज ऊन आहे की नाही, यावरसुद्धा त्यांच्यात तट पडत.

कायदा असा होता, की एखाद्या बाईला गर्भ ठेवायचा नसेल तर तिनं सभेची परवानगी घ्यावी. सभा फार विचारी! मागं एका बाईच्या अर्जावर निकाल लागला, तेव्हा तिचं पोर रांगत रांगत निकाल ऐकायला आलं होतं.

या वेळी अर्ज होता भिवराच्या लेकीचा, हौसाचा. चार लेकरं पदरात आणि दुसरा महिना चालू. "पाचवं बाळंतपण हिला झेपणार नाही, जीवच जाईल," असं वैद्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. इथं सभेत मात्र अठरा दिवस भाषणं चालली होती. दाजीसाहेब 'मातृत्वाची थोरवी' सांगताना रडत, आणि रडून झालं की शिरा खात. अप्पासाहेब कायदा सैल करण्याच्या बाजूचे. ते 'स्त्रीचं दुःख' सांगत, पण ठराव मांडा म्हटलं की त्यांचा घसा बसे.

"कबूल, महाराज," भिवरा म्हणाली. "फक्त कोठारातून पंचेचाळीस पिशव्या ज्वारी द्या. एकेकीत सहा सहा शेर."

"लाच देतेस?"

"छे! एवढ्याशा ज्वारीत कुठला सभासद येतोय?"

राजे मिशीत हसले आणि ज्वारी मिळाली.

दुसऱ्या दिवशी भिवरानं प्रत्येक आसनापुढं एक पिशवी आणि एक लांब पट्टा ठेवला. दाजीसाहेबांनी नाक मुरडलं. "हे काय थेर?"

"काम आहे तुमचं, दाजीसाहेब. आपल्या सभेचा रिवाज काय? जो हात वर जाईल, तोच हात कामाला लागेल!"

रिवाज खराच होता. पूर्वी विहिरीच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांना कुदळ धरावी लागली होती. तेव्हापासून वीस वर्षं सभेनं एकही विहीर मंजूर केली नव्हती. निषेध आणि अभिनंदन मात्र भरपूर केलं होतं.

"हौसाला गर्भ ठेवायलाच लावायचा, असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल हात वर करावा," भिवरा म्हणाली. "मग ही पिशवी पोटाला बांधायची. सात महिने! जेवताना, चालताना, झोपताना सोडायची नाही. रोज सकाळी ओकारीचा काढा मी स्वतः आणून देईन. शेवटी हौसा गेली, तर तिची चार लेकरं वाटून घ्यायची. धाकटं अजून अंगावर पितं, ते कोण घेतंय तेवढं आधी ठरवा!"

दाजीसाहेबांचा हात अर्ध्यावर आला होता. तो तसाच वळला आणि पगडी खाजवू लागला.

"हा अडाणीपणा आहे!" ते ओरडले. "सभेनं निर्णय घ्यायचे असतात, ओझी नाही!"

"रिवाज आहे, दाजीसाहेब," राजे म्हणाले. त्यांना आता मजा वाटू लागली होती.

मागून एक बारीक आवाज आला. "दुपारी घटकाभर उतरवून ठेवली तर चालेल?"

"चालेल की! हौसाला उतरवता आली, तर तुम्हीही उतरवा!"

एक सभासद झोपेत हात ताणू लागला. शेजाऱ्यानं तो घाईघाईनं खाली ओढला.

अप्पासाहेबांना मात्र चेव आला. "मी ठरावाच्या बाजूनं हात वर करतो!"

"देव भलं करो! मग पंधरा दिवस हौसाची चूल, धुणं आणि चार पोरं तुमच्याकडं. आजच या."

अप्पासाहेबांचा घसा बसला आणि हातही बसला.

राजे पुढं झुकले. "भिवरा, विरोध कुणी केला नाही खरं, पण बाजूनंही कुणी नाही. मग ठराव मंजूर कसा? हरलीस तू!"

भिवरानं दाराकडं बोट केलं. "महाराज, नीट मोजा. एक हात वर आहे."

दारात हौसा उभी होती. कडेवर धाकटं, आणि मोकळा हात उंच.

"ती सभासद नाही!" दाजीसाहेब उसळले.

"दाजीसाहेब, तुमच्या वेळी तुमच्या आईसाहेब तीन दिवस अडल्या होत्या. मी होते तिथं. त्या तीन दिवसांत एकही सभासद कळा द्यायला आला नाही!" भिवरा राजांकडं वळली. "महाराज, इथं हात मोजतात ते कामाला लागणार म्हणून. या कामाला पंचेचाळीस जणांनी हात आखडले. मग जिच्या देहानं हे काम करायचं, तिच्या एकटीचाच हात मोजायचा उरला. तो ठरावाच्या बाजूनं आहे. विरोधात कोण आहे, विचारा!"

राजांनी विचारलं. पंचेचाळीस जण आपापल्या पिशवीकडं बघत बसले.

राजे इतके हसले, की मुकुट सावरावा लागला. "लिहा!" त्यांनी कारकुनाला फर्मावलं. "यापुढं या बाबतीत जिला सोसायचं, तिचाच हात मोजावा. ठराव बिनविरोध मंजूर!"

त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं उतरवून भिवराच्या हातात घातलं. वर ती सगळी ज्वारी हौसाच्या घरी पोचवण्याचा हुकूम सोडला. सभासदांनी ती स्वतः, आपापल्या पोटाला बांधून न्यायची होती!

हौसाचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. दाजीसाहेब वाटेत अकरा वेळा बसले.