लावीचा ठराव

फार जुनी गोष्ट. एका माळावर प्राण्यांची नगरपालिका होती आणि रेडा तिचा नगराध्यक्ष होता. गवताळ वॉर्डातून लावी पक्षीण निवडून आली होती. म्हशींची पाणवठ्याची वाट तिच्या वॉर्डातल्या जमिनीवरच्या घरट्यांवरून जाई. ती ओढ्याकाठाने वळवावी, असा ठराव तिने सभेत मांडला.

"अनुमोदक कोण?" रेड्याने विचारलं. अनुमोदकाशिवाय ठराव मतालाही जात नसे.

लावीने सशाकडे पाहिलं. सकाळीच तो म्हणाला होता, "ताई, अगदी रास्त आहे तुमचं!" आता तो कान खाजवत होता. शेजारचं मुंगूस पुटपुटलं, "पुढच्या खेपेला नक्की, लावीताई. आत्ता अध्यक्षसाहेबांचा मूड तर बघा!"

एक पाय वर झाला असता, तरी लावीला पुरलं असतं. तीनदा विचारून रेड्याने ठराव बारगळल्याचं जाहीर केलं.

संध्याकाळी म्हशी त्याच वाटेने पाण्यावर गेल्या. लावीची पाचही अंडी फुटली.

पुढच्या सभेत सशाने शोकठराव मांडला, मुंगसाने गहिवरून भाषण केलं, रेड्याने डोळे पुसले. ठराव एकमताने मंजूर झाला आणि सारे सभासद दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले.

लावी तेवढी बसून राहिली, अंडी उबवायला बसावं तशी.