पाजळणीचा खडक आणि नागूबायची सुरी

इथे चप्पल काढायची गरज नाही, हे देऊळ नव्हे. पाय मात्र जपून टाका, शेवाळ आहे. बाकीचे खडक काळे आणि खरबरीत, मधला हा एकच राखाडी आणि गुळगुळीत. त्याच्या पाठीवर हा वीतभर खोल चर दिसतो ना, तिथे बसून आमच्या मोरवंडच्या बायका मासे कापायच्या सुऱ्यांना धार लावतात. घरात धार लावायचा निसणा असला तरी सणासुदीला, लग्नकार्याला इथेच यायचं. याला पाजळणीचा खडक म्हणतात.

असं सांगतात की फार पूर्वी, गावात बत्तीस घरं होती तेव्हा, एका वर्षी दर्या रिकामा झाला. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या गेल्या आणि रिकाम्याच परत आल्या. एक महिना गेला, दुसरा गेला. लोक सुकट खाऊन राहिले, मग सुकटही संपली. तेव्हा गावच्या पाटलानं दर्याला नवस बोलला. पहिला जो मोठा मासा मिळेल तो बत्तीस घरांना सारखा वाटू आणि त्याचा काटा डोक्याशेपटीसकट अखंड तुला परत देऊ. काटा मोडला तर हा किनारा आपला नाही असं समजून गाव उठवू.

पोट रिकामं असलं की माणसाला कुणावर तरी खापर फोडावंसं वाटतं. त्याच वैशाखात नागूबायच्या घरी चांगुणा सून म्हणून आली होती. पोर पांढऱ्या पायाची, तिच्यामुळेच दर्या आटला, अशी विहिरीवर कुजबुज सुरू झाली. चांगुणा ऐकायची आणि हंडा उचलून घरी यायची. नागूबायही ऐकायची. तीही म्हणे गप्पच राहिली, आणि याचा मला अजून राग येतो.

नागूबाय मासे कापण्यात गावात पहिली. तिची सुरी तीस वर्षं घासून घासून अगदी बारीक झाली होती, आणि तिला ती कुणाला हात लावू देत नसे. चांगुणाच्या बापानं लेकीला नवीकोरी सुरी दिली होती, रुंद, जाड पाठीची, चकचकीत. सासूची सुरी पाहून ती एकदा हसली होती. "आये, ही सुरी नाय, काडी हाय!"

शेवटी एका सकाळी जाळ्यात एकच मासा आला, पण घोळ जातीचा, माणसाएवढा. सारा गाव या वाळूवर जमला. पाटलानं नागूबायला पुढे बोलावलं. तिनं आपला उजवा हात सगळ्यांना दाखवला. तो थरथरत होता.

"माजा हात आता हालतो," ती म्हणाली. "माजी सून कापंल."

मग मागून एक बाई बोललीच, "हिच्या पायानं दर्या गेला, आता हिच्या हातानं गाव जाऊं दे."

"सून माजी हाय," नागूबाय म्हणाली. इतक्या महिन्यांनी बोलली, पण बोलली.

चांगुणानं आपली नवी सुरी घेतली. धारेला ती कमी नव्हती, पण ताठ होती. शेपटीकडून सुरी जेमतेम दोन बोटं आत गेली आणि पातं काट्यावर खट्कन आपटलं. काटा वाचला, पण मांस काट्यालाच चिकटून राहिलं. काट्याच्या वळणानं जायचं तर पातं लवायला हवं, आणि लवतं ते झिजलेलंच, हे तिला त्या एका आवाजानं शिकवलं. तिनं सुरी खाली ठेवली आणि सगळ्या गावासमोर सासूपुढे हात पसरला.

"आये, तुजी काडी दे."

ती सुरी घेऊन ती या खडकापाशी आली. पाणी मारून एक बाजू घासली, मग दुसरी. आधी हलक्या हातानं, मग जोरानं. धार आली तरी तिचा हात थांबेना. पातं आधीच केवढंसं, त्यात हे. नागूबाय मागून आली, तिनं सुरी काढून घेतली आणि धार नखावर टेकवली. ती घसरली नाही, नखात अडकली.

"पुरे," नागूबाय म्हणाली. "धार येईतो घासायचं. भीती जाईतो घासशील, तर सुरीच जाईल."

मग चांगुणानं मासा कापला. बत्तीस वाटे झाले आणि काट्यावर मुंगीला पुरेल एवढंही मांस उरलं नाही. तो काटा पाण्यात सोडला तेव्हा शेपूट हलवून पोहत गेला, असं सांगतात. मी काही पाहायला नव्हतो. लाटेनंही नेला असेल. दुसऱ्या दिवसापासून जाळी जड झाली म्हणे. हा चर चांगुणानं एका सकाळीच पाडला असंही सांगणारे आहेत. त्यांना मी विचारतो, मग नंतरच्या बायका इथे काय नुसत्या गप्पा मारायला बसल्या?

आजही मोरवंडात नव्या सुनेला नवी सुरी देत नाहीत. सासू आपली झिजलेली सुरी तिच्या हाती देते, तिला इथे आणते आणि धार आली की "पुरे" म्हणते. आजही दर्या रुसला की आम्ही वाऱ्याला बोलतो, मोठ्या ट्रॉलरना बोलतो, फारच चिडलो तर देवीलाही सोडत नाही. पण त्या वर्षी घरात आलेल्या सुनेचं नाव कुणी काढलं, तर आधी तिची सासू उठून उभी राहते.