मरळ कुठल्या तळ्यातली?

राजाच्या तळ्यात गळ टाकायला रयतेला बंदी होती, तरी तिथल्या मरळी कमी होऊ लागल्या. पहारा किल्लेदाराचा. त्यानं म्हाळसा भोईणीला दरबारात उभं केलं आणि मिशीला पीळ देत विचारलं, "मरळ चवीला चांगली कुठली गं? गावतळ्यातली, की सरकारांच्या तळ्यातली?"

म्हाळसानं पेच ओळखला. गावतळं म्हणावं तर राजाचा अपमान, राजाचं म्हणावं तर चोरी कबूल.

"सरकारांच्याच तळ्यातली," ती म्हणाली.

"बघा सरकार! खाल्ल्याशिवाय कळलं का हिला?"

"खाल्ली की. किल्लेदारसाहेबांच्याच घरी. मरळी साफ करायला मलाच बोलावतात. 'राजतळ्यातली आहे, चव बघ,' म्हणून बाईसाहेब वाटीभर कालवण देतात. रस्सा तेवढा पांचट असतो."

राजानं मान डोलावली. "किल्लेदार, आता तुम्ही सांगा. मरळ चवीला चांगली कुठली?"