खणात न उतरलेला भाऊ

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात हिराजी नावाचा खलाशी राहत असे. स्वभावाने भित्रा. आभाळ जरा काळवंडलं की होडी मागे फिरवा म्हणायचा. थोरला भाऊ पदाजी मात्र वाघाच्या काळजाचा. होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, तोच.

एकदा बंदरावर मच्छीमारांसाठी पाच दिवसांचं प्रशिक्षण भरलं. पदाजी हसला. "दर्यावर जन्म गेला आपला. आता फळ्यावर बघून शिकायचं?"

हिराजी गेला. भीतीपोटीच गेला.

शिकवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. मासे साठवायच्या खणात मासळी कुजली की विषारी वायू साचतो. आत उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला जाणारा त्याच्याच अंगावर पडतो. हिराजीने ते पाठ केलं, आणि श्वास थांबलेल्याची छाती कशी दाबायची तेही.

पुढे भाद्रपदात वादळ झालं. होडी चार दिवस एका बेटाच्या आडोशाला अडकली. बर्फ विरघळला, मासळी सडली. वादळ ओसरल्यावर ती फेकून द्यायला पदाजीने खणाचं झाकण उचललं.

"दादा, थांब. आत हवा खेळू दे."

"तुझी शाळा तुझ्यापाशी ठेव," म्हणत पदाजी शिडी उतरला.

धप्प असा आवाज आला. मग काहीच नाही.

होडीवरचा जानू खलाशी खणाकडे धावला. हिराजीने त्याला कमरेला मिठी मारून मागे ओढलं. जानू ओरडला, "सख्खा भाऊ मरतोय तुझा! भेकडा, सोड मला!"

भावाचा पालथा पडलेला देह हिराजीला वरून दिसत होता. उडी टाकावी, असं त्याचा जीव आक्रोश करून सांगत होता. त्याने जानूला सोडलं नाही.

"आत कुणी जायचं नाही! दुसरी झाकणं उघडा! आकड्याचा बांबू आणा!"

तोंड वाऱ्याकडे फिरवून तो श्वास घेई, रोखून धरी आणि बांबू खाली सोडी. आकडा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तो पदाजीच्या कमरपट्ट्यात अडकला. चौघांनी मिळून त्याला वर ओढलं. ओठ निळे पडले होते, छाती हलत नव्हती. हिराजी शिकवल्याप्रमाणे छाती दाबत राहिला. मोजणी एकदाही चुकली नाही. बऱ्याच वेळाने पदाजीला एक घरघरता श्वास आला.

तीन दिवसांनी दवाखान्यात पदाजीने विचारलं, "मी आतून हाक मारली असती, तर आला असतास?"

"नाही, दादा."

पदाजीने भावाचा हात धरला.

"तसंच करत जा," तो म्हणाला.

तात्पर्य: धाडसाला शिक्षणाची जोड नसेल, तर ते एका मरणाची दोन मरणं करतं.